साडू तीन वेज आणतोय, पण खड्डा भलतीकडेच आहे

या आठवड्याचं पत्र एका द्राक्षवाल्या भाऊंचं आहे. थोडं कापून देतोय, बाकी त्यांच्याच शब्दांत. गोल्फ नवीन असणाऱ्यांसाठी आधी एवढंच: ग्रीन म्हणजे भोकाभोवतीचं बारीक कापलेलं गवत, ड्रायव्हर लांब मारायचा क्लब, आयर्न मधल्या अंतराचे, वेज ग्रीनजवळून बॉल उंच उचलायचा, आणि पीडब्ल्यू म्हणजे पिचिंग वेज, वेजमधली पहिली. क्लबच्या ज्या बाजूने बॉल मारतात ती फेस, आणि फेस किती डिग्री मागे झुकलाय तो लॉफ्ट. हॅंडिकॅप जितका कमी तितका खेळ चांगला.

"काका नमस्कार. बाग दिंडोरीला, घर गंगापूर रोडला, वय ४८. गोल्फ सुरू करून तीन वर्षं झाली, एका रिटायर्ड फौजी मित्राने नाद लावला. हॅंडिकॅप २२. ड्रायव्हर बरा लागतो, आयर्न चालतात, पण ग्रीनच्या ४०-५० यार्डात आलो की माझी फजिती होते. पावसाळ्यात क्लब मातीत रुततो आणि बॉल दोन हात पुढे जातो, आणि एप्रिल-मे मध्ये तोच क्लब जमिनीवरून उडतो आणि बॉल ग्रीनच्या पलीकडे. माझ्याकडे सेटमधली पीडब्ल्यू आहे, नेटवर बघितलं तर तिचा लॉफ्ट ४४ निघाला. दुसरी एक सेकंडहॅंड घेतलेली ५६, तिच्यावर ५६ च्या बाजूला १४ कोरलंय, ते १४ काय ते कुणी सांगत नाही. पीडब्ल्यू फुल मारली तर ११५ जाते, ५६ वाली ७५. माझा साडू न्यू जर्सीहून दिवाळीला येतोय, तिकडे सेलमध्ये ५२-५६-६० असा तीन वेजचा सेट मिळतोय म्हणे, आणू का विचारतोय. मित्र म्हणतो ६० पाहिजेच, त्याशिवाय बॉल थांबत नाही. घेऊ का? की माझ्या हातातच खोट आहे? – वैतागलेला द्राक्षवाला"

भाऊ, सगळ्यात आधी तुमचं अभिनंदन, कारण नाशिकमध्ये गोल्फ म्हटलं की निम्म्या लोकांना गोल्फ क्लब मैदान आठवतं, जिथे सकाळी चालायला जातात, रणजीच्या मॅचेस होतात, गोल्फ सोडून सगळं होतं. आणि वेज म्हटलं की वेटर विचारतो व्हेज की नॉनव्हेज. अशा गावात तुम्ही पीडब्ल्यूचा लॉफ्ट शोधून काढून पत्रात लिहिलात, शिवाय दोन्ही क्लबची अंतरं दिलीत. मला येणाऱ्या दहातल्या नऊ पत्रांत नुसतं "काका कुठली वेज घेऊ" एवढंच असतं, आता मी काय ज्योतिषी आहे का.

तर उत्तर आधी सांगतो आणि मग का ते सांगतो. तो सेट आणायचा नाही. एकच वेज घ्यायची, ५० ची. ५६ विकायची नाही. ६० चं नाव वर्षभर तरी काढायचं नाही.

आता का.

तुमचेच आकडे बघा. ४४ ने ११५ आणि ५६ ने ७५, म्हणजे मध्ये ४० यार्डांचा खड्डा, आणि ग्रीनपासून ९५ वर उभे राहिलात की तुमच्याकडे दोनच रस्ते, पीडब्ल्यू दाबून अर्धी मारा किंवा ५६ जीव खाऊन मारा, आणि दोन्ही वेळा बॉल कुठे जाईल ते तुम्हालाही माहीत नसतं. हे तुमच्या एकट्याचं नाही बरं का. पूर्वी पीडब्ल्यू ४८-५० ची असायची. मग कंपन्यांनी आयर्नचे लॉफ्ट हळूहळू कमी केले, कारण लॉफ्ट कमी झाला की बॉल लांब जातो आणि दुकानात माणूस खूश होतो की बघा माझी सात नंबरची किती लांब गेली. ती आधीची सहा नंबरच असते, फक्त खाली आकडा ७. त्या नादात पीडब्ल्यू घसरत ४३-४५ वर आली, पण सॅंड वेज (बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून बॉल काढायची, तुमची ५६ तीच) मात्र ५४-५६ लाच राहिली कारण बंकरमधली वाळू काही बदलली नाही. मधला तो खड्डा भरायला जी वेज आली तिचं नावच गॅप वेज.

म्हणून वेज निवडताना वरून खाली यायचं, आधी पीडब्ल्यू किती ते बघायचं आणि मग चार ते सहा डिग्रीच्या पायऱ्या करत उतरायचं. तुमचं ४४, मग ५०, मग ५६. सहा-सहाच्या दोन पायऱ्या, सरळ हिशोब. साडूच्या सेटमध्ये ४४ वरून ५२, म्हणजे पहिल्याच पायरीला आठ डिग्री, आणि पुढे ५२ ला ५६ चिकटलेली, ५६ ला ६० चिकटलेली. जिथे तुम्हाला गरज आहे तिथे खड्डा तसाच, आणि जिथे गरज नाही तिथे गर्दी. ज्याची पीडब्ल्यू ४७-४८ आहे त्याला तो सेट चपखल बसेल, तुम्हाला नाही. आणि बॅगेत चौदाच क्लब चालतात हे विसरू नका, दोन वेज जास्त घुसल्या की दोन कुठले तरी बाहेर काढावे लागतात, बहुतेक लोक त्यात हायब्रिड, म्हणजे लांब मारायचा क्लब, काढतात आणि मग लांबच्या पार फोरवर (चार फटक्यांत संपवायच्या होलवर) रडत बसतात.

५० मारली तर तुमच्या हिशोबाने ९५ च्या आसपास जाईल. म्हणजे आज जिथे तुम्ही अंदाजपंचे खेळताय तिथे एक फुल स्विंग बसेल. २२ हॅंडिकॅपवाल्याला यापेक्षा मोठी भेट नाही, कारण अर्धे-पाऊण स्विंग हे प्रॅक्टिसचं काम आहे आणि तुमच्याकडे बाग आहे, छाटणी आहे, वेळ कुठे आहे.

आता त्या १४ वर येऊ, कारण खरी गंमत तिथेच आहे आणि मी तीस वर्षं सातपूरच्या एका टूलरूममध्ये घालवलीत त्यामुळे मला या विषयावर कुणी बोलायला सांगितलं की मी थांबत नाही.

ते १४ म्हणजे बाउन्स. वेज उलटी करून तळ बघा, त्याला सोल म्हणतात. पुढची धार, ती लीडिंग एज. क्लब जमिनीवर सरळ टेकवला की ही धार जमिनीला टेकत नाही, थोडी वर राहते, आणि सोलचा मागचा फुगीर भाग आधी टेकतो. त्या दोघांना जोडणारी रेघ जमिनीशी जो कोन करते तो बाउन्स, तुमच्या वेजला १४ डिग्री. साधारण ४ ते ६ म्हणजे कमी, ७ ते १० मधला, आणि त्याच्या वर जास्त. म्हणजे तुमचा भरपूर आहे. लेथवर आम्ही टूलला क्लिअरन्स द्यायचो, म्हणजे धार तेवढी कापेल आणि मागचा भाग जॉबला घासणार नाही. वेजमध्ये बरोब्बर उलटं आहे, मागचा भाग मुद्दाम आधी घासवायचा, म्हणजे धार आत घुसत नाही. तुमच्या भाषेत सांगायचं तर कमी बाउन्सची वेज नांगराच्या फाळासारखी आत जायला बघते आणि जास्त बाउन्सची होडीसारखी वरून सरकते.

ही अक्कल पण कुणाला तरी आधी सुचावी लागली. अमेरिकेतला गोल्फर जीन साराझेन, १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला, तो बंकरमध्ये हैराण व्हायचा कारण तेव्हाच्या निब्लिकची (जुन्या काळच्या जास्त लॉफ्टच्या आयर्नची) धार पातळ असायची आणि ती वाळूत खोल जायची. त्याने निब्लिकच्या तळाला मागच्या बाजूने सोल्डर चढवला, मागचा भाग धारेच्या खाली येईपर्यंत. झाली सॅंड वेज. १९३२ ची ब्रिटिश ओपन त्याने याच क्लबच्या जिवावर मारली. मला हा माणूस आवडतो कारण त्याने नवीन क्लब विकत नाही घेतला, आहे त्याला सोल्डर मारला, एकदम आपल्या एमआयडीसीतला माणूस.

आता एक काम करा, आज रात्रीच करा. ५६ घ्या आणि घरातल्या फरशीवर ठेवा, शाफ्ट, म्हणजे दांडा, उभा, फेस सरळ. पुढच्या धारेखाली एक रुपयाचं नाणं सरकवून बघा, आरामात जाईल. आता फेस उजवीकडे उघडा, म्हणजे आकाशाकडे, तर धार अजून वर उचललेली दिसेल, नाणं अजून सैल. म्हणजे फेस उघडला की बाउन्स वाढतो. आता परत सरळ करा आणि हात टार्गेटच्या दिशेने पुढे न्या, शाफ्ट झुकू द्या. धार खाली येते, आणि एका क्षणी नाण्यावर बसते. म्हणजे बाउन्स गेला. घरचे विचारतील काय चाललंय, सांगा पेपरात आलंय.

हे डोळ्यांनी बघितलंत की तुमच्या पावसाळ्याचं कोडं सुटतं. कारण बघा ना, १४ बाउन्सची वेज ओल्या मातीत रुतायला नको, ती तर त्याच्यासाठीच बनलीय. मग तुमची का रुतते? मला वाटतं, आणि मी पैज लावायला तयार आहे, तुमच्या त्या फौजी मित्राने तुम्हाला सांगितलंय की हात पुढे ठेव आणि बॉल मागच्या पायाजवळ घे. सांगितलंय ना? सगळेच सांगतात. आता हिशोब करा, हात पुढे नेऊन शाफ्ट दहा डिग्री झुकवला की १४ चा बाउन्स ४ वर आला आणि ५६ चा लॉफ्ट ४६ वर आला. म्हणजे तुम्ही सॅंड वेज हातात घेऊन जवळजवळ पीडब्ल्यू मारताय, तीही फाळासारखी धार पुढे काढून, जुलैतल्या काळ्या मातीत. रुतणार नाही तर काय होणार.

आणि एप्रिलमध्ये उलटं होतं. जमीन कडक, हरळी सुकलेली, खाली मुरूम लागतो, तिथे कुणी तरी सांगतं की खाली जास्त मारू नकोस, मग तुम्ही बॉल उचलायला जाता, हात मागे राहतात, वजन मागच्या पायावर, आणि आता १४ चा पूर्ण बाउन्स, किंबहुना त्याहून जास्त, कडक जमिनीवर आपटतो, सोल उसळतो, धार बॉलच्या पोटात लागते आणि बॉल पलीकडच्या बंकरमध्ये. म्हणजे पावसाळ्यातली चूक थोडी हाताची आहे, उन्हाळ्यातली थोडी हाताची आणि थोडी क्लबची, कारण कडक जमिनीला १४ जास्तच आहे. तुम्ही विचारलं ना हातातच खोट आहे का, तर आहे थोडी, पण सगळ्यांच्याच असते, माझ्या तर हातात कमी आणि डोक्यात जास्त होती, ते खाली सांगतो.

पण पैजेवर जाऊ नका, तपासा. पुढच्या वेळी कोर्सवर कॅडीला, म्हणजे बॅग धरणाऱ्या पोराला, विचारून एखाद्या कोपऱ्यात ५६ ने दहा बॉल मारा, ३०-४० यार्ड, आणि बॉल कुठे गेले ते बघूच नका. जमीन बघा. डिव्हट, म्हणजे क्लबने उखडलेला गवताचा तुकडा, भाकरीएवढा जाड निघतोय आणि बॉलच्या मागून सुरू होतोय तर तुम्ही खोदणारे आहात, क्लब वरून खाली उभा येतो. नुसती हरळी खरवडली गेलीय तर सरकवणारे. खोदणाऱ्याला जास्त बाउन्स आणि रुंद सोल, सरकवणाऱ्याला कमी बाउन्स आणि अरुंद सोल, ढोबळ नियम हा. अजून एक, खडू किंवा मार्कर पेनने सोलवर आडवी रेघ मारा आणि शॉटनंतर बघा रेघ कुठे पुसली गेली, धारेजवळ की मागे. धारेजवळ पुसली तर तुम्ही बाउन्स वापरतच नाही. कॅडीचं पण ऐका, आमच्याकडच्या एका पोराने मला दोन वर्षं सांगितलं होतं की काका जमीन आधी लागतीये, मी म्हणायचो तू बॅग धर.

आणि हे गवतावरच करायचं. मॅटवर नाही. मॅटवर क्लब चार बोटं मागे लागला तरी घसरून बॉलवर जातो, आवाज मस्त येतो, स्क्रीनवर बॉल झेंड्याजवळ. माझं तेच झालं. काही वर्षांपूर्वी मुंबईत एका दुकानात सिम्युलेटरवर ६० ची वेज मारून बघितली, बाउन्स ४, सेल्समन म्हणाला सर क्या टच है आपका, आणि मी विरघळलो. किंमत बायकोला अजून खरी सांगितलेली नाही. नाशिकला आलो, जुलैतला पहिला रविवार, रात्रभर पाऊस झालेला, ग्रीनपासून वीस यार्ड. यूट्यूबवर बघितलं होतं तसा फेस उघडला, मोठा स्विंग घेतला, आणि ती वेज मातीत अशी गेली की तिथेच थांबली, मी पण तिच्याबरोबर थांबलो, बॉल वीतभर पुढे गेला आणि मनगटातून एक कळ डोक्यापर्यंत. पंधरा दिवस फिजिओ. मग म्हटलं उन्हाळ्यात कमी बाउन्स चांगला, एप्रिलमध्ये काढली, तर ६० ने बॉल उंच काढायचा या हट्टापायी एकदा बॉलच्या खालून सरकली आणि बॉल तिथेच उसळून क्लबला परत लागतो की काय असं झालं, आणि एकदा धारेवर बसला तो सरळ एका रिटायर्ड कर्नलसाहेबांच्या पायाजवळून गेला. ते काही बोलले नाहीत, फौजी माणूस, नुसतं बघितलं. ती वेज आता अंगणात असते, मांजर हाकलायला.

म्हणून ६० ला नाही म्हणतोय. ती वाईट नाही. फिल मिकेलसनसारख्या नामवंत गोल्फरच्या हातात ६० म्हणजे जादू आहे, पण तो आयुष्यभर तेच करत आलाय. लॉफ्ट जितका जास्त तितका त्याच अंतरासाठी स्विंग मोठा, आणि स्विंग मोठा म्हणजे चूक मोठी. तुमचा मित्र म्हणतो ६० शिवाय बॉल थांबत नाही. त्याला विचारा बॉल कुठला वापरतोस. बॉलचं वरचं आवरण कडक, स्वस्त, दोन पीसचा लांब जाणारा बॉल असेल तर वेज कुठलीही आणा, तो ग्रीनवर पडून पळणारच. यूरेथेनच्या मऊ आवरणाचा बॉल वेजच्या ग्रूव्हला, म्हणजे फेसवरच्या खाचांना, पकडतो आणि स्पिन घेतो. वेजवर हजारो घालण्याआधी एक डझन बॉल बदलून बघा, स्वस्तात प्रयोग होतो. तुम्ही पत्रात बॉलचा उल्लेख केला नाहीत म्हणून मला संशय आहे.

५० कुठली घ्यायची हे आता सोपं आहे. ही वेज तुम्ही बहुतेक वेळा फुल मारणार, ९५ वरून, फेअरवेवरून (कापलेल्या गवताच्या मधल्या पट्ट्यावरून), म्हणजे ती आयर्नसारखीच वागली पाहिजे. म्हणून माझं पहिलं मत, तुमच्या आयर्न सेटच्याच कंपनीची, त्याच मॉडेलची गॅप वेज मिळत असेल तर तीच घ्या. तिच्यावर कुठे ए, कुठे जी, कुठे यू, कुठे डब्ल्यू लिहिलेलं असतं, प्रत्येक कंपनीचा वेगळा शहाणपणा, अक्षरावर जाऊ नका, लॉफ्ट बघा, ४९-५० पाहिजे. पाठ पोकळ असते, सोल रुंद, बॉल फेसच्या मधे नाही बसला तरी फार शिक्षा होत नाही. मॉडेल बंद झालं असेल तर वेगळी घ्या, त्यातही क्लीव्हलंड कंपनीच्या सीबीएक्ससारख्या कॅव्हिटी बॅक, म्हणजे पोकळ पाठीच्या, वेज आहेत, आपल्यासारख्यांसाठीच बनवलेल्या. व्होकी, जॉज, ग्लाइड ही वेजची नावं तुमच्या मित्राच्या तोंडात असतील, चांगल्याच आहेत, पण पातळ ब्लेडसारख्या वेज फुल शॉटला तुमच्या पोकळ आयर्नपेक्षा वेगळ्या वाटतात, हाताला झटका कळतो.

बाउन्स ८ ते १० घ्या. का, तर तुमच्या ५६ ला १४ आहे, दोन्ही एकसारख्या नकोत. पावसाळ्यात आणि बंकरमध्ये ५६, आणि फेब्रुवारीपासून पुढे कडक जमिनीवर ग्रीनच्या आसपास ५० ने चिप करा, म्हणजे छोटा लोळता शॉट मारा. गोडी छाटणीला तुम्ही एकच कात्री सगळीकडे चालवता का, जाड खोडाला करवत घेताच ना. आणि खरं सांगू का, उन्हाळ्यात तर ५० पण नको, मध्ये बंकर नसेल तर नऊ नंबर घ्या, पटरसारखा (ग्रीनवर बॉल लोळवायच्या क्लबसारखा) स्ट्रोक, बॉल दोन हात हवेत आणि बाकी लोळत. दिसायला काही खास नाही, यूट्यूबवर टाकण्यासारखं तर मुळीच नाही. टोकियो ऑलिंपिकला आपली गोल्फर अदिती अशोक चौथी आली तेव्हा लांब मारणाऱ्यांत ती कुठेच नव्हती, ग्रीनजवळच्या खेळावर आणि पटिंगवर ती मेडलच्या दारात गेली होती.

ग्राइंड म्हणून एक भानगड असते ती एका वाक्यात संपवतो, सोलचा टाचेकडचा किंवा मागचा भाग घासून कमी केलेला असतो म्हणजे फेस उघडला तरी धार फार वर येत नाही, ती फेस उघडून खेळणाऱ्यांची चैन आहे, तुम्ही ५० वर पूर्ण सोल घ्या आणि एफ, एस, एम, के या अक्षरांत अडकू नका.

शाफ्टचं मात्र बघा, हे लोक विसरतात. दुकानात लटकलेल्या बहुतेक वेजला जड स्टीलचा शाफ्ट असतो. तुमच्या आयर्नला हलके ग्राफाइट असतील तर नऊ नंबर मारून वेज हातात घेतली की फावडं धरल्यासारखं वाटतं आणि टायमिंग जातं. थोडी जड चालते, फार नको. सेटमधलीच गॅप वेज घेतली की हा प्रश्नच येत नाही, त्याचं हेही एक कारण.

समजा ५० मिळालीच नाही, ५२ च मिळाली, तर कारागीर लॉफ्ट वाकवून ५० करून देतो, पण लक्षात ठेवा लॉफ्ट दोन डिग्री कमी केला की बाउन्स पण दोन कमी होतो, १० चा ८. तिथपर्यंत ठीक. सगळेच हेड वाकत नाहीत, कास्ट, म्हणजे ओतीव, हेडला जास्त जोर लावला तर तडकू शकतं, म्हणून आधी विचारायचं.

तुमच्या ५६ बद्दल दोन गोष्टी. सेकंडहॅंड आहे म्हणता, तर तिच्या ग्रूव्हवरून नख फिरवा. नख अडकलं पाहिजे. गुळगुळीत लागलं, कडा मेल्या असतील तर पावसाळ्यात तिचं काही खरं नाही, कारण ग्रूव्हचं काम फेस आणि बॉलमधलं पाणी आणि गवत बाजूला काढायचं, टायरसारखं. ते नाही झालं की बॉल फेसवरून वर घसरतो, उंच जातो आणि स्पिन न घेता पडतो. मग पुढच्या पावसाळ्याआधी तशीच ५६-१४ नवीन घ्या, आता घाई नाही. नवीन जुन्याचा अजून एक मुद्दा, १ जानेवारी २०१० पासून बनणाऱ्या क्लबना ग्रूव्हचे कडक नियम लागले, त्यामुळे फार जुन्या मॉडेलच्या वेजबद्दल कुणी तुम्हाला "ह्याचे ग्रूव्ह जास्त धारदार" म्हणून विकायला आलं तर हसून नमस्कार करा, पंधरा वर्षं वापरल्यावर धार राहिलेली नसते. आणि बिनपॉलिशची कच्च्या फिनिशची वेज नको, ती गंजते, गंजाने खेळ बिघडत नाही पण आपल्या पावसाळ्यात दोन महिन्यांत विळ्यासारखी दिसते. बॅगेत एक जुना टूथब्रश ठेवा, काळी माती ग्रूव्हमध्ये वाळली की दगड होते.

हाताचं एवढंच करा. ग्रीनजवळ ५६ घेतली की बॉल मधे, हात बॉलच्या जरा पुढे, फार नाही, शर्टच्या बटणाच्या रेषेत. आणि सोल जमिनीला घासल्याचा आवाज आला पाहिजे, खस् असा, धप् नाही. आपल्या फेअरवेवर हरळी आहे, तीच गणपतीला वाहतो ती दूर्वा, इंग्रजीत तिला बर्म्युडा म्हणतात. तिची पाती आडवी एका दिशेने झोपतात. पाती तुमच्याकडे तोंड करून असतील तर धार त्यात अडकते, तेव्हा बाउन्स जास्तच कामाला येतो. शॉट मारण्याआधी बाजूला एक प्रॅक्टिस स्विंग घासून बघा, पाती कुठल्या बाजूने आहेत ते हाताला कळतं. बंकरमध्ये आधी फेस उघडा आणि मग ग्रिप धरा, उलटं केलं तर स्विंगमध्ये फेस परत सरळ होतो आणि तुमचे १४ वाया.

राहिला साडू. साडूला नाही म्हणणं अवघड असतं ते मला माहीत आहे, घरचा प्रश्न आहे, वर्षातून एकदा येतो, आणायची हौस आहे. तर नाही म्हणूच नका, त्याला असा मेसेज टाका: "सेट नको, गॅप वेज एकच, लॉफ्ट ५०, बाउन्स ८ ते १०, शाफ्ट माझ्या आयर्नसारखा, उजव्या हाताची, आणि उरलेल्या पैशांत मऊ आवरणाचे दोन डझन बॉल." उजव्या हाताची हे लिहाच, आमच्या एका ओळखीच्यांना डावखुरी आली होती. आणि त्याला सांगा वेज चेक-इनच्या बॅगेत टाक, गोल्फ क्लब केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, नाही तर तुमची ५० नेवार्कच्या विमानतळावरच राहील.